उपाशी तुकडा

६ फेब्रुवारी

धाकटे,

नमस्कार-चमत्कार नंतर, आधी काम. हे पत्र बारक्याच्या हाती पडू देऊ नकोस. माझा भाऊ आहे तो आणि तुझा नवरा, पण तो मधे आला की आपल्या दोघींचं धड बोलणं होत नाही. फोन त्याच्या खिशात असतो. इथे माझ्या मागे खाणीतला कोळसा वाहून नेणारा पट्टा खडखडत असतो. मी ओरडते त्यातलं निम्मं त्याला ऐकू जातं, निम्मं तो मनाचं घालतो. म्हणून लिहितेय. शाळा किती झाली माझी ते तुला माहीत आहे. अक्षर लागलं नाही तर उजेडात धर. ट्रकवाला कोळसा घेऊन तुमच्या बाजूला येतो, तो तुझ्या कामावर पत्र आणून देईल. त्याला चहा पाज. गप्पांना बसवू नकोस, उठत नाही मेला.

बातमी अशी की कोळसा काढायला कंपनीनं आपल्या शेताचा जो खड्डा केला होता, तो भरला. आधी दगड ओतले, मग वरून माती पसरली, मग मातीवर बी फुंकलं. मशीननं फुंकतात, कागदाच्या हिरव्या लगद्यात कालवून. लांबून बघितलं तर कुणी भिंत रंगवतंय असं वाटतं. आपला बाप जिथे राबला तिथे आता एक उतार आहे. जागा मी ओळखली. पंपघराचं धुराडं आणि समोरच्या टेकडीची खाच एका रेषेत येते, तिथेच आपली विहीर होती.

आता नीट वाच. सगळ्या उताराला टँकरनं पाणी देतात. आमची टोळी पाइप ओढते, सगळ्या बायका, वर एक मुकादम. पण मधे पांढऱ्या खुंट्या ठोकून एक तुकडा वेगळा काढलाय. त्याला पाणी द्यायचं नाही, असा नियम आहे. तो आपल्या जिवावर जगतो की मरतो हे उन्हाळ्याच्या शेवटी तपासणीवाले येऊन बघणार. जगला तर माती चांगली, सगळा उतार पास, आणि जमीन ज्याची त्याला परत. मेला तर कंपनीनं पुन्हा माती आणायची, पुन्हा पेरायचं. आम्ही त्याला उपाशी तुकडा म्हणतो.

आणि हा उपाशी तुकडा नेमका आपल्याच शेतावर आलाय. डाव्या-उजव्या हाताला सगळ्यांची रानं हिरवी आणि मधे आपलं. टोळीतल्या बाया मला ऐकवतात, "अगं, तुझ्या बापाच्या रानाला टक्कल पडलं की गं." मी काय बोलणार?

उतार पास झाला की प्रत्येक घरानं सांगायचं, जमीन घेता की नव्या वसाहतीतल्या दोन खोल्या. दोन्ही मिळणार नाही. बारक्या फोनवर रोज विचारतो, ताई, उगवलं का. मी म्हणते, धीर धर. तुझं काय म्हणणं आहे ते कळव. आडून आडून लिहू नकोस, मला कंटाळा येतो.

तुझी नणंद


२१ फेब्रुवारी

वन्सं,

पत्र मिळालं. ट्रकवाल्याला चहा दिला. माझी शिफ्ट सुरू झाली तरी तो बसलेलाच होता.

आडून लिहू नकोस म्हणालात, तर सरळ लिहिते. मला त्या दोन खोल्या हव्यात.

आम्ही राहतो ती खोली तुम्ही पाहिलेली नाही. खाली गॅरेज आहे. गाड्या चालू करून ठेवतात आणि धूर आमच्या अंथरुणात येतो. पाण्याचा नळ जिन्याच्या वळणावर, सगळ्या मजल्यांना मिळून एक. तुमचे भाऊ तो जिना उलटा उतरतात, शिडी उतरावी तसे, दोन्ही हातांनी कठडा धरून. खाणीवर वर्षानुवर्षं चालवलेल्या डंपरनं त्यांच्या पाठीचं जे करायचं ते करून ठेवलंय. त्याच खड्ड्यात त्यांनी दगड ओतले, तेही पगार घेऊन, हे त्यांना आठवलं की दिवसभर बोलत नाहीत. आता कापडाच्या गोदामाबाहेर खुर्ची टाकून बसतात, तिला राखण म्हणतात. वसाहतीतल्या खोल्या तळमजल्याच्या आहेत. घरात नळ आहे. मी दिवसभर हॉस्पिटलच्या चादरींना इस्त्री करते वन्सं. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या खाली काय काय घातलं जातं ते मी पाहिलंय. मला यांना तळमजल्यावर न्यायचंय, एवढंच.

पण ते जमीन जमीन करत बसतात. वाकून बुटाची नाडी बांधता येत नाही आणि पेरायचं म्हणतात. माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतात. तुम्ही त्यांना एकच वाक्य लिहा, की तिथे काही उगवत नाही, खोल्या घे. तुमच्याकडून आलं की ते मुकाट्यानं ऐकतील.

माझ्यावर एवढा एक उपकार करा. मी काही मागितल्याचं तुम्हाला आठवतं का?

तुमची धाकटी


१५ मार्च

वहिनीबाई,

पत्र वाचलं आणि डोक्यात तिडीक गेली, म्हणून इतके दिवस उत्तर दिलं नाही. आता जरा थंड झालेय. तरी पूर्ण नाही.

एक वाक्य लिहा म्हणे! मी माझ्या हातानं लिहू की आपल्या बापाच्या रानात काही उगवत नाही? वर्षभर तिथे दगड वेचतेय मी. नखं बघ माझी, नाहीत. तू इस्त्रीखाली चादर सरळ करतेस, मी डोंगर सरळ करतेय. आणि तो मेला म्हणून मीच सांगू?

दोन खोल्या आणि नळ. कळतं मला, मी काही दगड नाही. पण बारक्या आपल्या जागेवर येतो म्हणतोय. आई-बाप गेल्यावर इथे माझं म्हणून कोण उरलंय? टोळीतल्या बाया? त्या मी मेले तर आधी माझी जागा कुणाला मिळते ते बघतील.

आता तुला सांगते ते पोटात ठेव. मी त्या तुकड्याला पाणी घालते.

झालं, लिहिलं. सकाळी सगळ्यांच्या आधी जाते. रंगाचे दोन रिकामे डबे आहेत माझ्याकडे, टँकरच्या तोटीखाली भरते आणि वर चढते. संध्याकाळी टोळी घरी गेली की पुन्हा. डबा वरून ओतायचा नाही, माती वाहून जाते. हातानं शिंपडायचं, तोंडावर मारतो तसं. आठ दिवसांत फरक दिसला. तुकड्यातलं मान टाकलेलं गवत उभं राहिलं. काल एक बाई म्हणाली, "अगं, टकलावर केस आले की." मी म्हटलं, औषध लावलं.

मुकादमानं एकदा बघितलं. मला वाटलं, गेलं काम. त्यानं सिगारेट पेटवली आणि तोंड फिरवलं. तोवर कुलूपबंद तोटीतून गळेल तेवढ्यावर डबे भरायचे मी, दुसऱ्या दिवसापासून ते कुलूप सकाळी उघडंच असतं. माणूस वाईट नाही. त्यालाही आई-बाप असतीलच की.

तपासणीवाल्यांकडून एक पोरगी येते. मातीवाली म्हणतो आम्ही तिला, पिशव्यांत माती भरून नेते. परवा माझ्या शेजारी बसून डबा खात होती. म्हणाली, "मावशी, हा तुकडा म्हणजे ताप बघायचा पारा आहे. खालची माती वर्षानुवर्षं ढिगात पडून मेलीय की काय, हे फक्त तोच सांगणार. पाराच गार पाण्यात धरला तर माणसाचा ताप उतरतो का? कुणी पाणी घालत असेल तर थांबवा त्यांना. मेला तर मरू दे, तुमच्याच भल्याचं आहे."

मी म्हटलं, कोण घालणार, वेडं आहे का कुणी?

मरू दे म्हणते! काल जन्मलेली पोरगी. एखादं रोप डोळ्यांदेखत मरू दिलंय का तिनं कधी? पिशवीत भरलं की सगळ्याची मातीच.

असो. बारक्याला यातलं काही सांगू नकोस. मी पण सांगणार नाही.

नणंद


४ एप्रिल

वन्सं,

त्या मुलीचं बोलणं तुम्ही मला लिहून पाठवलंत. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही वाचलं नाहीत, नुसतं लिहिलंत.

ती म्हणते ते असं. तुकडा मेला तर कंपनीला पुन्हा माती आणावी लागेल. म्हणजे तुमचं रान खरंच होईल. तोवर खोल्या कुठे पळून जात नाहीत. तुकडा जगला तर कंपनी हात झटकून मोकळी. मग टँकर कुणाचा? पाइप कोण ओढणार? तुम्ही दोन डब्यांनी सगळा उतार जगवणार आहात का?

आणि कुलूप उघडं ठेवणाऱ्या मुकादमाला आई-बाप असतील. पण त्याला पगार कोण देतं?

तुम्हाला वाटेल, हिला खोल्या हव्यात म्हणून हिला हे सुचतंय. हो, मला खोल्या हव्यात. म्हणून माझं बोलणं खोटं होत नाही.

यांना मी सांगणार नाही, पण तुमच्यासाठी नाही. सांगितलं की ते उद्या तिसरा डबा घेऊन तिथे येतील, हे मला पक्कं माहीत आहे. त्या पाठीवर.

पाणी बंद करा. हात जोडून सांगते. भांडण म्हणून नाही.

धाकटी


३० मे

धाकटे,

पास!

तुझं एप्रिलचं पत्र मिळालं होतं. उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून दिलं नाही. तू चादरी बघ, मी रान बघते.

तपासणीवाले परवा आले. डोक्यावर टोप्या, एकाच्या हातात छत्री. सगळ्यात मोठा साहेब उपाशी तुकड्याशी येऊन उकिडवा बसला. गवत ओढून बघितलं. आलं नाही हातात. मी मनात म्हटलं, ओढ की, अजून ओढ. मग त्यानं मान वर केली, समोर मीच होते.

"बाई, इथे पाणी कुणी घातलं?"

"आभाळानं," मी म्हटलं.

"आभाळानं तर कधीपासून तोंड दाखवलं नाही."

"मग दवानं घातलं असेल साहेब. आम्ही पाइप ओढणारी माणसं. आम्ही नियमाबाहेर थेंब सांडत नाही."

सगळे हसले. मुकादम सगळ्यात मोठ्यानं हसला. मातीवाली तेवढी हसली नाही. तिनं मातीत बोट घातलं, बाहेर काढून बघितलं, आणि साहेबाच्या कानाशी लागली. साहेबानं घड्याळ बघितलं. ऊन फार होतं. म्हणाला, "हिरवं आहे ना? मग झालं." उठला आणि छत्रीत गेला. पोरगी खुंट्यांपाशी तशीच उभी होती. माझ्या हाताकडे बघत होती. डब्याच्या कडीनं तळव्याला घट्टे पडलेत, ते मी पदराखाली घेतले.

गेली ती. जाऊ दे.

ट्रकवाल्याच्या फोनमधून बारक्याला फोटो पाठवला. उन्हात इतकं छान दिसत होतं! खाली शब्द ट्रकवाल्यालाच टाइप करायला सांगितले. आपलं आपण उभं आहे, एवढंच.

नणंद


२० जून

वन्सं,

तो फोटो त्यांनी गोदामातल्या हमालांना दाखवला, खालच्या गॅरेजवाल्याला दाखवला, जिन्यात भेटेल त्याला दाखवला. मला दाखवला तेव्हा मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. मी म्हटलं, छान आहे. दुसरं काय म्हणणार होते?

मी कामावर असताना ते जाऊन सही करून आले. खोल्यांवरचा हक्क सोडला, जमीन घेतली. मला विचारलं नाही. घरी आले तर टोपलीत चपला, कपडे, एक नवी कुदळ. मी म्हटलं, "एकदा बोलायचं तरी होतं." म्हणाले, "यात बोलायचं काय? पाण्याशिवाय उभं राहिलंय ते. ताई काही खोटं लिहिणार नाही."

मी पाण्याचं सांगितलं नाही. आता सांगितलं असतं तर तुमचं खोटं उघडं पाडायला मी टपले होते असंच त्यांना वाटलं असतं. आणि खोल्या तर गेल्याच.

ते या आठवड्यात निघतील. मी येणार नाही. पगार एकाचा तरी चालू राहिला पाहिजे. ही खोली सोडली. कामावरच्या दोघींबरोबर राहते, झोपायला भिंतीकडची जागा मिळाली आहे.

तुम्ही एक करा. त्यांनी जमिनीत काही घालायच्या आधी त्यांना पाण्याचं सांगा. ऐकल्यावर त्यांना जे करायचं ते करू दे. पण माहीत असून करू दे. हे काम तुमचं आहे, मी करणार नाही.

धाकटी


९ सप्टेंबर

धाकटे,

बारक्या सुखरूप आहे. खातो-पितो. पत्र्याची खोली उभी केली आम्ही दोघांनी, उताराच्या पायथ्याशी. दाराला अजून कडी नाही, पण इथे चोरायला काय आहे?

आला त्या दिवशी सरळ वर गेला. चप्पल काढली. थोडा चालला आणि पाठ टेकून आडवा झाला. मला वाटलं, कळ आली. धावत गेले तर हसत होता. म्हणाला, "ताई, याच जागेवर डंपर उलटा करायचो मी. खाली जाणारे दगड दिसू नयेत म्हणून डोळे मिटायचो. आता बघ." तुझ्याकडे त्याला असं हसताना कधी बघितलंस? खरं सांग.

म्हणून सांगितलं नाही. लिहून टाकते, म्हणजे पुढच्या पत्रात विचारू नकोस. सगळीकडे हिरवं आहे, पाऊस चांगला झाला, त्यानं पेरलंय ते उगवलंय. मग कशाला सांगू? पोटभर जेवलेल्या माणसाला सांगायचं का की काल चूल पेटली नव्हती?

दुसरं एक आहे. ते लिहावं की नाही, कळत नव्हतं. टोळी बंद झाली. टँकर गेला. रोपांवरची हिरवी जाळी गुंडाळून नेली, पाइपसुद्धा नेले. आम्हा बायकांना एका दिवसात घरी बसवलं. मुकादम निघाला तेव्हा गाडीतून म्हणाला, "बाई, तुमचे उपकार झाले. तो तुकडा मेला असता तर अजून दोन वर्षं आम्ही इथे माती ओढत बसलो असतो."

मी म्हटलं, "कसले उपकार?"

"तोटीचं कुलूप काय वाऱ्यानं उघडत होतं?"

मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. त्याच्या बापापासून सुरुवात केली. पण त्यानं काच वर केली होती.

तू एप्रिलमध्ये लिहिलं होतंस ते आठवलं. आठवलं म्हणून लिहितेय, बरोबर होतं असं म्हणत नाही. अजून हिरवं आहे.

नणंद


१४ फेब्रुवारी

धाकटे,

तू उत्तर दिलं नाहीस. नको देऊस. पण हे वाच.

सगळं मरत चाललंय. आधी वरच्या कडेचं पिवळं पडलं, मग मधलं. बारक्यानं पेरलेलं गुडघ्याएवढंही झालं नाही. मी एक झुडूप उपटून बघितलं. मुळं वीतभर खाली गेलीत आणि तिथून आडवी वळलीत, खाली पाय भाजल्यासारखी. वरची माती म्हणजे नुसतं पांघरूण आहे, खाली दगड, आणि दगडावर पांढरी बुरशी धरल्यासारखी खार. शेजारच्या रानवाल्यांनी हात टेकले. एकेक जण वसाहतीत चकरा मारतोय, खोल्या आहेत का म्हणून. खोल्या कधीच दुसऱ्यांना गेल्या.

बारक्या जात नाही. त्याला वाटतं, चूक त्याचीच आहे. काल म्हणाला, "ताई, नुसत्या दवावर जगलेलं गवत. माझा हात लागला आणि मेलं. मी पूर्वी जे केलं ते या जमिनीला कळतं का गं?" असलं बोलतो. मी म्हटलं, गप बस, जमिनीला कान नसतात. पण तो बसत नाही.

रोज सकाळी खाली, खाणीचा जो खड्डा भरायचा राहिला त्यात जातो. तिथे पाणी साचलंय, आंबूस वास येतो त्याला. दोन्ही हातांत बादल्या घेऊन उतार चढतो. अर्ध्यात बसतो, उठतो, पुन्हा चढतो. दुपारी परततो तो भिंतीला धरून. बूट मी काढते. पाठीला हात लावला तर लाकडाला लावल्यासारखं वाटतं.

तुझ्या हॉस्पिटलमधून पाठीचं काही मलम, गोळ्या, काय असेल ते पाठव. आणि त्याला बोलाव. तू आजारी आहेस म्हणून सांग, काहीही सांग. तुझं ऐकेल.

नणंद


२६ फेब्रुवारी

वन्सं,

गोळ्या पाठवल्या आहेत. जेवल्यावर एक, उपाशीपोटी नाही. मलम चोळायचं नाही, नुसतं लावायचं.

मी बोलावणार नाही. आजारी आहे असंही लिहिणार नाही. खोटं सांगून माणूस हलवायचा, हे तुमच्याकडे चालतं. एकदा हलवलात तो कुठे जाऊन बसलाय ते बघताय ना?

माझं ऐकेल म्हणता. माझं ऐकलं असतं तर तळमजल्यावर असते. ते माझ्या शब्दानं गेले नाहीत, तुमच्या गवतानं गेले. आता तुम्हीच उतरवा.

ते स्वतःला दोष देताहेत, आणि तुम्ही रोज त्यांचे बूट काढताय आणि गप्प बसताय. मला वाटायचं, तुमचं तोंड फटकळ आहे पण मनात काही राहत नाही. कामावर मी तुमचं कौतुक करायचे. आमच्या वन्सं बघा, जे असेल ते तोंडावर. आता कुणी विचारलं तर विषय बदलते.

सांगा त्यांना. कळलं की ते खाली येतील. का मेलं हे कळल्याशिवाय ते तो उतार सोडणार नाहीत.

धाकटी


२८ मार्च

धाकटे,

सांगितलं.

पण आधी तपासणीवाल्यांच्या कचेरीत गेले. भावाला सांगण्यापेक्षा साहेबाला सांगणं सोपं वाटलं, खोटं कशाला बोलू. बाकावर बसवून ठेवलं. मग तोच साहेब, पंख्याखाली. मी म्हटलं, "साहेब, त्या तुकड्याला मी पाणी घालत होते. तपासणी खोटी झाली. पुन्हा करा."

त्यानं मला ओळखलंच नाही. मग ओळखलं. "तेव्हा मी विचारलं होतं ना? काय म्हणाला होतात?"

"आभाळानं घातलं म्हटलं होतं."

शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणाला, "मग आता आभाळालाच साक्षीला आणा मावशी." हसले. साहेब नाही हसला. म्हणाला, कंपनी गेली, काम बंद झालं, जमीन तुमची तुमच्या ताब्यात आहे. आम्ही हिरवं आहे का बघतो, ते होतं. तुम्ही तक्रार केलीत तर नियम मोडला म्हणून पहिलं नाव तुमचंच लागेल. मी म्हटलं, लावा. त्यानं शिपायाला हाक मारली, बाईंना बाहेर सोड म्हणून.

मातीवालीला शोधलं. तिची बदली झाली. कुठे, ते कुणी सांगत नाही.

मग घरी आले आणि वर गेले. बारक्या उताराच्या मधे बसला होता, बादल्या शेजारी, ऊन डोक्यावर. मी त्याच्या बाजूला बसले. सगळं सांगितलं. डबे, तोटी, कुलूप, मुकादम, आभाळ. तू थांबवत होतीस हेही सांगितलं, खोल्यांचंही. मधे थांबले नाही, थांबले असते तर राहिलंच असतं. शेवटी म्हटलं, "तुझ्या हातानं काही मेलं नाही रे. हे जिवंत नव्हतंच कधी. मी उभं करून ठेवलं होतं. चल खाली. धाकटीकडे जा."

मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तयारीनं गेले होते.

त्यानं वाळलेलं गवत बोटांनी चाचपलं. मग विचारलं, "तू दोन वेळा घालायचीस?"

मी म्हटलं, "हो. सकाळ-संध्याकाळ."

"आणि मी एकदाच घालतोय," तो म्हणाला. "तरीच."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. कळलं तेव्हा तो उठला होता.

तू लिहिलं होतंस, कळलं की खाली येतील. तू पण त्याला ओळखलं नाहीस धाकटे. आपण दोघींनीही नाही.

तेव्हापासून संध्याकाळीही जातो. गोळ्या संपल्या. काल मी त्याच्या वाटेत आडवी उभी राहिले, बादली ओढली. म्हटलं, दे इकडे, निदान मी तरी ओढते. त्यानं माझे हात कडीवरून सोडवले, एकेक बोट करून. म्हणाला, "तू बस ताई. तुझं घालून झालं."

हे तो रागानं म्हणाला की मायेनं, मला कळलं नाही. त्याचा आवाज तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तुला कळलं तर लिही.

नणंद